सोलीव पाहुणा आणि आईचा खांदा

आमच्या घरात दोन वर्षं एक पाहुणा मुक्कामाला होता. जेवायच्या टेबलावर, लॅपटॉपच्या पडद्यात, हात अंगापासून जरा दूर आणि तळवे पुढे करून तो उभा असायचा. अंगावर कातडी नव्हती. दादा बोट फिरवायचा आणि तो गर्रकन वळायचा. एक टिचकी मारली की छातीचे स्नायू गायब, आणखी एक मारली की बरगड्या गायब. नसा पिवळ्या, शुद्ध रक्त लाल, अशुद्ध निळं. आई त्याला ‘सोलीव पाहुणा’ म्हणायची. त्याच्यापुढे ताट वाढायचं तेवढं बाकी होतं.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. धंद्याने फिजिओथेरपिस्ट. एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर लोकांच्या आखडलेल्या माना आणि गुडघे सोडवतो, आणि खरं बोलायचं तर चांगले सोडवतो. पण चाळिशी उलटली आणि त्याला कॉलेजात शिकवायचे डोहाळे लागले. कॉलेजवाले म्हणाले, पदव्युत्तर पदवी आणा, मग बघू. म्हणून त्याने एका लांबच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन क्लिनिकल अ‍ॅनाटॉमीला नाव घातलं. शरीराची रचना, पण आजारी माणसाच्या उपयोगी पडेल अशी, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. ‘आजारी माणसाच्या उपयोगी’ हे शब्द मी मुद्दाम लक्षात ठेवलेत.

विद्या आली की विनय येतो म्हणतात. आमच्याकडे विद्या आली ती एकटीच आली. शेजारच्या काकांना शिंक आली तरी दादा त्यांना कुठला स्नायू आवळला ते सांगायचा. वहिनी भांडी घासताना तो मागे उभा राहून तिच्या मनगटातल्या आठ हाडांची नावं म्हणायचा. आठांपैकी एकानेही कधी कढई उचलल्याचं मी पाहिलं नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. एकदा मी सहज म्हणाले, आज डोळे फार दुखतायत. त्याने मला पाऊण तास डोळा हलवणारे सहा स्नायू दाखवले, तेही पडद्यावर, म्हणजे डोळे अजून दुखावेत म्हणून.

अभ्यासक्रमाची चार सत्रं होती. पहिलं पाठीचं, दुसरं पोटाचं, तिसरं हाताचं, चौथं डोक्याचं. ज्या सत्राचा अभ्यास चालू असेल तेवढाच माणूस दादाला दिसायचा. पोटाच्या सत्रात आमच्यापैकी कुणालाच हातपाय नव्हते. कुणी तळलेलं काही तोंडात घातलं की पित्त कुठून निघतं, कुठे साठतं, कोणत्या नळीने उतरतं, याचं प्रवचन सुरू. त्या सत्रात त्याने एक निबंध लिहिला: आतला अवयव बिघडला की दुखणं भलतीकडेच का जाणवतं. वीसपैकी एकोणीस गुण पडले. तो निबंध त्याने छापून फ्रिजच्या दारावर लावला. सहा महिन्यांनी हाताचं सत्र सुरू झालं तेव्हा त्याचं वेळापत्रक त्याच चुंबकाखाली, त्याच निबंधावर चढवलं.

आता आईकडे वळते, कारण गोष्ट तिची आहे. दादा नुसताच मध्ये मध्ये येतो.

आई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या मशीनने आम्हा दोघांना वाढवलं, दादाला फिजिओथेरपी शिकवली. शाळेचे गणवेश, शर्ट, कोट, पडदे, काय वाटेल ते. सदुसष्टाव्या वर्षीही सकाळी नऊला तिच्या पायाखाली पायडल हललंच पाहिजे, नाहीतर दिवस उजाडला असं तिला वाटत नाही. आणि तिची एक सवय आहे. गिऱ्हाईक ट्रायलला आलं आणि म्हणालं, मुंढ्यात घट्ट होतंय, की ती लगेच बाहीचा मुंढा उसवत नाही. टेप गळ्यात, खडू हातात, तशीच उभी राहते आणि विचारते, “आणखी कुठे?” गिऱ्हाईक हात वर करतं, खाली करतं, वाकतं, आणि मग आठवून म्हणतं, पाठीतही जरा ओढतंय. मग आई पाठ सोडवते आणि मुंढा आपोआप बसतो. मी लहानपणापासून हे शंभरदा पाहिलंय. दादानेही पाहिलंय.

तर हाताचं सत्र लागून तीन आठवडे झाले होते, आणि आईचा उजवा खांदा दुखायला लागला.

कुणाची आई आजारी पडली तर मुलाचा चेहरा उतरतो. माझ्या भावाचा उजळला. दुखणं कसं अगदी अभ्यासक्रमाप्रमाणे आलं होतं! त्याने आईला स्टुलावर बसवलं, पाठीवर मार्करने खांद्याच्या हाडाचा आकार काढला. आई म्हणाली, “माझ्या खडूने काढ रे, तो झटकला की जातो.” तो म्हणाला, “शास्त्र आहे आई, खडूने होत नाही.” मग हात वर, हात मागे, हात आडवा.

“इथे दुखतंय ना?”

“हो रे.”

“आणि इथे जास्त, ना?”

“असेल बाबा.”

आई आम्हाला कधी नाही म्हणायला शिकलीच नाही. त्याने विचारलं तिथे तिथे तिचं दुखत गेलं. दहा मिनिटांत निदान तयार: पन्नास वर्षं मशीन चालवून खांद्यातली शीर झिजली. उपाय एकच, मशीन बंद.

मी म्हणाले, “एकदा डॉक्टरला दाखवू या का?”

“डॉक्टर काय करणार? फोटो काढणार आणि माझ्याकडेच पाठवणार,” दादा म्हणाला. हे खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. तिथे गप्प बसायला नको होतं.

मशीनवर चादर पडली. आलेलं काम आईने परत पाठवलं. ती दिवसभर खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या कॉलरी बघायची. जेवण अर्ध्यावर सोडायची. आम्ही म्हणालो, करमत नाही तिला. दादाने त्यावरही तोड काढली: समोर दिसतं म्हणून हात शिवशिवतो, तेव्हा मशीनच घरातून काढू. बाजारामागच्या शिवणवर्गाला देऊन टाकायचं ठरवलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला माणसं पाठवते. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, “तुला ठीक वाटत असेल तर दे.” पण त्या दिवसापासून ती रोज चादर काढायची, मशीनला तेल द्यायची आणि परत चादर घालायची. मला ते बघवायचं नाही. पण बघवत नाही म्हणून मी काही केलं असं नाही, मी फक्त दुकानात लवकर जायला लागले.

त्या सत्राची मुख्य परीक्षा म्हणजे एक व्हिडिओ. जिवंत माणसाच्या खांद्याची तपासणी करून दाखवायची, मग परीक्षक पडद्यावर येऊन त्यावर प्रश्न विचारणार. पेशंट घरचाच होता, कॅमेरा माझा होता, कारण माझा फोन नवीन.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर शूटिंग ठरलं. वहिनीने वडे तळले होते. आईने एक खाल्ला, दुसरा ताटात सारला. दादाने भिंतीवर पांढरी चादर टांगली. कुठली, तर मशीनवरची. आई स्टुलावर, दादा मागे, मी समोर.

काय सांगू, दादा सुंदर करत होता. बोटं अशी सफाईदार पडत होती, की क्षणभर मला अभिमान वाटला. काखेतून जाणाऱ्या नसा त्याने एकेक करून नावानिशी सांगितल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण करणाऱ्याने बहुधा माझा भाऊ पाहिला असावा, पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा माझं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आई सारखा डावा हात पोटाशी नेत होती. उजव्या बरगडीच्या खाली दाबून धरायची. तो हात मध्ये आला की काखेशी असलेली दादाची बोटं झाकली जायची.

“आई, हात काढ गं, मध्ये येतोय,” मी म्हणाले.

तिने काढला. थोड्या वेळाने परत नेला.

“आई!”

“काढला, काढला.”

शेवटी मीच फोन जवळ नेला आणि चौकट खांद्यापुरतीच धरली. हाताचा प्रश्न मिटला. दादा म्हणाला, तुला नजर आहे. शूटिंग झाल्यावर आई न्हाणीघरात गेली आणि तिला उलटी झाली. वहिनी म्हणाली, वडे जड गेले असतील. दादा व्हिडिओ कापून अपलोड करण्यात गुंतला होता.

तोंडी परीक्षा गुरुवारी संध्याकाळी सहाला. घरात संचारबंदी. वहिनीने कुकर लावला नाही. आई आणि मी दाराआड, आवाज न करता. पडद्यावर सोलीव पाहुण्याच्या जागी एक म्हाताऱ्या बाई आल्या. माझं लक्ष आधी चष्म्याकडे गेलं: फ्रेम जुनी, एक काडी टाके घालावेत तशी दोऱ्याने बांधलेली, आणि काचा अशा जाड, की यांना समोरचा दादा दिसत असेल की नाही याची मला शंका आली.

“तपासणी उत्तम,” बाई म्हणाल्या. दादाची मान इंचभर लांब झाली. “बोटांना सवय आहे तुमच्या. आता सातवं मिनिट पाहू.”

त्यांनी व्हिडिओ लावला. आईचा खांदा, दादाची बोटं, आणि खालून येणारा एक हात.

“हा हात कुणाचा?”

“पेशंटचा,” दादा म्हणाला. “चुकून मध्ये आला. पुढे दुरुस्त केलंय.”

“पाहिलं मी. पुढच्या चार मिनिटांत तो पाच वेळा आलाय आणि दर वेळी एकाच जागी गेलाय.” मग व्हिडिओतून माझा आवाज आला. ‘आई, हात काढ गं, मध्ये येतोय.’ दाराआड मी उभी होते ती तिथेच थिजले. बाईंनी ते वाक्य परत लावलं नाही, हे त्यांचे उपकार.

“तुम्ही या बाईंना एकूण एकवीस प्रश्न विचारलेत,” त्या म्हणाल्या. “एकवीसच्या एकवीस वेळा उत्तर आधी तुम्हीच ठरवलंत आणि त्यांच्याकडून फक्त होकार घेतलात. त्या घरात आहेत का? त्यांना बोलवा.”

आई पदराला हात पुसत पडद्यासमोर जाऊन बसली. बाईंनी चष्मा वर सरकवला.

“खांदा दुखतो म्हणता. आणखी कुठे?”

आई एकदम सरळ बसली. तिचा स्वतःचाच प्रश्न तिला कुणीतरी पहिल्यांदा विचारला होता. आणि मग दीड महिना जे तोंडाला कुलूप होतं ते निघालं. जेवलं की तासाभराने बरगडीखाली कळ येते. तळलेलं खाल्लं तर फारच. ती कळ पाठीतून वर खांद्यात जाते. मळमळतं. मागच्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला होता, तो कुणाला सांगितला नाही. मशीनवर बसलं तर उलट बरं वाटतं, लक्ष दुसरीकडे जातं.

“हे मुलाला का नाही सांगितलंत?”

“त्याचं हाताचं चालू आहे ना,” आई म्हणाली. तिला कुणालाही टोमणा मारायचा नव्हता, ती आपली खरं ते सांगत होती. “पोटाचं त्याचं मागच्या वर्षीच झालं.”

बाई हसल्या नाहीत. मीही नाही. दादाचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत दिसत होता. तो असा पांढरा पडला होता, की मागच्या चादरीत मिसळून गेला.

“पित्ताशय,” तो हळूच म्हणाला.

“कळतंय तर तुम्हाला,” बाई म्हणाल्या. “निबंध मीच तपासला होता. उद्या नको, आत्ता न्या.”

रिक्षात दादा आईच्या शेजारी बसला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. सव्वा वर्षात पहिल्यांदा. दादाच्याच हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, वर सूज, आत पू व्हायला लागलेला. सर्जन म्हणाले, आठवडा गेला असता तर फुटलं असतं. मग त्यांनी दादाकडे पाहून ओळखीचं हसत विचारलं, “खांदा दुखत असेल ना यांचा? छाती आणि पोटामधल्या पडद्याची नस मानेतून येते, त्यामुळे...”

“माहीत आहे,” दादा म्हणाला.

रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आम्ही दोघांनी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. दादाला पूर्ण गुण मिळाले होते.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून फोनमधला मूळ व्हिडिओ पाहिला, कापलेला नव्हे, सगळा. आईचा हात नऊ वेळा पोटाशी गेला होता. पाच वेळा मी तिला तो काढायला लावला होता. मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून ‘आता स्पष्ट दिसतंय का’ विचारत असते. मला स्वतःची लाज वाटली, आणि दादाची इतके दिवस उडवलेली सगळी टर आठवली. तो समोर भिंतीला टेकून उभा होता. त्याला काही बोलायला तोंड होतं कुठे?

आई वाचली. सर्जनने खडे एका बाटलीत घालून दिले. आईने ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, “बटणं म्हणून चालले नसते, एकही सारखा नाही.”

पण या धावपळीत एक तारीख येऊन गेली. आम्ही आईला घेऊन घरी आलो तर पुढच्या खोलीत खिडकीशी नुसते चार पायांचे डाग. शिवणवर्गाची माणसं येऊन मशीन घेऊन गेली होती. ठरल्याप्रमाणे वहिनीने दिलं होतं, तिचा काय दोष. आईने त्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, “बरं झालं, खोली मोठी वाटते.” आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. हॉस्पिटलात सुया टोचताना ती रडली नव्हती. आता तिची पाठ हलत होती.

दादा चप्पल घालून तसाच बाहेर पडला, आणि मी त्याच्यामागे.

शिवणवर्गाच्या बाई म्हणाल्या, दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे काय, त्यावर दोन बायका शिकायला लागल्यासुद्धा. मला वाटलं, आता दादा शास्त्र सांगणार. तो म्हणाला, “माझी चूक झाली. आईचा खांदा चांगला होता. मी तिला विचारलंच नाही.” एवढंच, आणि उभा राहिला. वर्गातली चौदा मशीनं थांबली होती. बाईंनी त्या दोन बायकांना मशीनवरून उठवलं आणि म्हणाल्या, “माणसं मात्र मी पाठवणार नाही.”

मग आम्ही दोघांनीच आणलं. पाय मी हातगाडीवर टाकून ढकलले. लोखंडी डोकं दादाने उजव्या खांद्यावर घेतलं, आणि खाली ठेवायला कितीदा सांगितलं तरी ठेवलं नाही. वजन कसं उचलावं याचे धडे तो लोकांना देतो. त्यातला एकही त्याने पाळला नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं: तपासणीला चाळीसपैकी अडतीस, पेशंटशी बोलण्याला शून्य, परीक्षा पुन्हा. या वेळी समोरासमोर, पांढरा कोट घालून. त्याने ते पत्र फ्रिजवर लावलं. आधी वेळापत्रक काढलं, खालचा निबंध सरळ केला, आणि पत्र त्याच्या शेजारी लावलं, वर नाही.

दीड महिन्याने आईला मशीनवर बसायची परवानगी मिळाली. पहिलं काम तिने दादाचा कोट घेतला. सकाळचे नऊ वाजले होते. टेप गळ्यात, खडू कानावर. मी वही-पेन्सिल घेऊन माप लिहायला उभी. तिने त्याच्या उजव्या खांद्यावर टेप ठेवली आणि तो कळवळला.

“काय झालं?”

“काही नाही. मशीन आणताना लचकलाय, थोडा दुखतो.”

“दीड महिना?” आईने अंगठ्याने दाबून पाहिलं. मग टेप तशीच धरून, गिऱ्हाइकासमोर उभी राहते तशी ती थांबली. “आणखी कुठे?”

दादाचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, टेपमध्ये अडकलेला, रडायलाही हलता येईना. आई त्याच्याकडे बघत राहिली. तिला काही घाई नव्हती.

माझ्याने राहवलं नाही. “आई,” मी म्हणाले, “त्या दिवशी हात काढ असं मी म्हणाले होते.”

“माहीत आहे मला, माझाच हात होता तो,” आई म्हणाली. “बाही लिही. साडेतेवीस.”